रंग न देणारी टाकी

मिठाच्या पेटीचं झाकण आठवडाभर उघडायचं नाही, हे श्रेयाला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनंच ते सगळ्यांना बजावलं होतं. झाकणावर खडूनं "हात लावू नये" असं लिहिणारीही तीच. आणि आता त्याच पेटीभोवती ती इतक्यांदा घिरट्या घालत होती, की शेडमधल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या होत्या.

"अगं बस की जरा," युवराजदादा केबिनच्या दारातून म्हणाले. "पेटीतल्या पट्ट्या काय अंडी हायत व्हय, उबवायला?"

युवराजदादा म्हणजे शेडचे मालक. वडगाव निंबाळकरच्या ऊसवाल्या घरातला माणूस. उसात जीव रमेना म्हणून त्यांनी बारामतीच्या एमआयडीसीत हे शेड टाकलं. इथं आसपासच्या कारखान्यांतून ॲल्युमिनियमचे भाग येतात. पंपाची झाकणं, मीटरच्या पेट्या, असलंच काहीबाही. ते आधी धुवायचे, मग आम्लात बुडवून त्यांच्या अंगावरचा जुना थर काढायचा, पुन्हा धुवायचे आणि शेवटी एका अशा टाकीत सोडायचे, जिथं धातूच्या अंगावर नवं पातळ कवच धरतं. ते कवच असेल तर वरचा रंग पक्का बसतो आणि धातू खाल्ला जात नाही. ॲल्युमिनियमला गंज चढत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा उजनीच्या काठावरच्या एखाद्या जुन्या पंपाचं झाकण खोलून बघावं. आत पांढरी भुकटी साचलेली असते आणि बोट लावलं तर धातूच निघून येतो.

तर त्या पेटीत खारं पाणी धुक्यासारखं पसरत होतं आणि त्या धुक्यात श्रेयाच्या तपासणीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लटकत होत्या. आठवडाभरात एकही पांढरा ठिपका उठला नाही तर पट्ट्या पास. आणि त्या पास होण्यावर श्रेयाच्या वडलांचं नाक अवलंबून होतं. ऐकायला हसण्यासारखं वाटेल, पण खरोखरीचं नाक.

श्रेयाचे वडील तात्याबा. त्यांना घरचे, दारचे, मालक, सगळेच तात्या म्हणत. शेडला पत्रे लागले तेव्हापासून ते पिवळ्या टाकीवर उभे होते. पिवळी टाकी म्हणजे ते कवच धरवणारी, जुन्या जातीच्या क्रोमची. तिच्यातून निघालेला भाग उन्हात धरला की सोन्यासारखा झळकायचा, मधूनच हिरवी-गुलाबी झाक मारायचा. बघत राहावं असा रंग. आणि टाकीतलं पाणी तितकंच विषारी. त्याचे बारीक तुषार उडतात आणि श्वासाबरोबर आत जातात. तोंडाला लावायचा मास्क तात्यांनी कायम गळ्यात घातला, एखाद्या दागिन्यासारखा. आधी सर्दी झाली, ती हटेना. मग नाकात खपल्या, मग रक्त. आणि गेल्या दिवाळीनंतर पिंपळीच्या त्यांच्या घरात, ते झोपले की शिट्टी वाजायला लागली. श्रेयाच्या आईला, सिंधुबाईला, पहिल्यांदा वाटलं की शेजारच्यांचा कुकर आहे.

डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक पडलंय म्हणून सांगितलं. ते बुजणार नाही, निदान वाढू देऊ नका, त्या टाकीपासून लांब राहा. तात्यांनी डॉक्टरांना नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर हजर झाले.

"माझ्याबिगर त्या टाकीला कोन हाय?" ते म्हणाले.

हेही खोटं नव्हतं. भाग टाकीत किती वेळ ठेवायचा हे तात्यांना रंगावरून कळायचं. फिका निघाला तर कच्चा, तपकिरी झाला तर जास्त झाला, मग वरचा थर भुकटीसारखा हाताला लागतो. ती मधली नेमकी वेळ शेडमध्ये दुसऱ्या कुणालाच पकडता येत नव्हती. दोघातिघांनी करून पाहिलं आणि मालच्या माल परत आला.

श्रेयानं आधी रडून पाहिलं, मग भांडून, मग अबोला धरून. तात्या ढिम्म. बारामतीच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकून ती त्याच शेडच्या छोट्याशा लॅबमध्ये नोकरीला लागली होती, आणि रोज दुपारी काचेतून तिला बाप त्या पिवळ्या वाफेवर वाकलेला दिसायचा. तिच्या हातापायाला थारा नसायचा. शेवटी तिनं ठरवलं, तात्या टाकी सोडत नाहीत ना, मग आपण टाकीच काढू.

योगही तसाच आला. इंदापूर तालुक्यातल्या लोणी देवकरच्या एमआयडीसीतला एक कारखाना त्यांचं मोठं गिऱ्हाईक. त्याचा माल आता परदेशी जाणार होता आणि तिकडच्यांना विषारी क्रोमचा कणही चालत नव्हता. दुसऱ्या जातीचं क्रोम असतं, ते बिनविषारी. त्याची टाकी भरू या म्हणून श्रेया युवराजदादांच्या मागेच लागली. जेवताना, गाडीत बसताना, गेटवर. कंटाळून ते हो म्हणाले, पण अट घालून. "पट्ट्या पास झाल्या तर सगळं काम नव्या टाकीवर घीऊ आन् पिवळी कायमची बंद. न्हाय झाल्या, तर नवी उचलायची. परत माझ्याफुडं नाव काढायचं न्हाय."

नव्या टाकीत तात्यांच्या दृष्टीनं एकच खोट होती. ती रंग देत नव्हती.

तपासणीच्या पट्ट्या तात्यांच्याच हातनं काढायच्या, असा युवराजदादांचा हट्ट. त्या दिवशी तात्यांनी पहिली पट्टी बाहेर काढली, अशी धरली, तशी धरली, दारात जाऊन उन्हात धरली.

"रंग कुठाय?"

"रंग येत न्हाय ह्याला, तात्या. लई बारीक निळसर झाक, ती बी नीट बघितली तर."

"मग धरलं का न्हाय, कशावरनं कळायचं?"

श्रेयानं हातातलं सगळं खाली ठेवलं. हे समजावण्यासाठी ती किती दिवस वाट बघत होती. "हे बघा, पट्टी आत गेली की ॲसिड तिला चावतं. बारीक बुडबुडे येतात ते त्याचेच. चावता चावता पट्टीच्या अंगालगतचं ॲसिड मरतं. बाकीच्या टाकीतलं न्हाय, फक्त अंगालगतचं. आन् ॲसिड मेलं की पाण्यात इरघळल्यालं क्रोम तिथं इरघळून राहू शकत न्हाय. ते पट्टीच्या अंगावर बसतं. सायीसारखं."

"साय दिसती," तात्या म्हणाले.

"ही दिसत न्हाय. पन असती. ओली असताना खरवसावानी मऊ असती, बोट लावलं की निघून जाईल. सावकाश वाळू द्यायची. मग पक्की."

तात्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची मान नव्हती. पोरगी शिकलेली आहे, तिचं मन मोडू नये, म्हणून हलवलेली मान. तेवढ्यात केबिनमधून श्रेयाला हाक आली, आणि तिथं कुठल्याशा फोनवर तिचा बराच वेळ गेला. परत आली तर तात्यांनी उरलेल्या सगळ्या पट्ट्या काढून ओळीनं वाळत घातल्या होत्या. तिच्याकडं बघून ते हसले. "झालं बघ तुझ्या मनासारखं."

तो आठवडा श्रेयानं कसा काढला ते सिंधुबाईला विचारावं. ताटावर बसली की अर्ध्यातून उठायची. बोलताना मध्येच गप्प व्हायची. रात्री शिट्टी वाजली की कूस बदलायची, नाही वाजली की उठून बसायची.

पेटी उघडली त्या दिवशी सगळं शेड गोळा झालं. श्रेयानं एकेक पट्टी धुतली, पुसली आणि खिडकीपाशी नेली. ठिपका नाही. एकाही पट्टीवर नाही. युवराजदादांनी लगेच पेढे मागवले आणि लोणी देवकरला फोन लावून तिथल्या तपासणीवाल्या साक्षी मॅडमना दुसऱ्या दिवशीचं आवतण दिलं. तात्या पेढा तोंडात धरूनच म्हणाले, "हात कुनाचा हाय!" श्रेयाचा जीव भांड्यात पडला. पडला म्हणजे, पडायला हवा होता.

कारण पट्ट्या पिवळट होत्या.

फार नाही. हळद लागलेला हात बादलीत बुडवावा, तेवढ्याच. बघणाऱ्याला दिसल्याही नसत्या. पण लॅबमध्ये श्रेयानं स्वतःच्या हातानं काचेच्या भांड्यात नव्या टाकीचंच पाणी बनवून एक पट्टी आधी काढून ठेवली होती, तिच्यावर पिवळ्याचं नावही नव्हतं. दोन्ही शेजारी ठेवल्या तर फरक सरळ दिसला. उजेडाचा दोष असेल, मिठाचा असेल, असं स्वतःला सांगत ती घरी गेली. घरी तात्या म्हशीची धार काढून, दूध तापवून, कोमट झाल्यावर त्यात विरजण लावत होते. हे काम ते सिंधुबाईला कधी करू देत नसत. तिच्या हातचं दही पाणचट होतं म्हणे. श्रेयाच्या डोळ्यांसमोर घडत होतं सगळं, पण तिचं लक्ष कुठं होतं!

सकाळी ती सगळ्यांच्या आधी शेडवर आली. एक पट्टी पाण्यात उकळली, ते पाणी काचेच्या नळीत घेतलं आणि त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब सोडले. पाण्यात विषारी क्रोम नसेल तर काही होत नाही. असेल तर पाणी रंग बदलतं.

पाणी जांभळट गुलाबी झालं. बघता बघता झालं.

तिनं नळी हातात धरली आणि तशीच उभी राहिली. डोक्यात नाही नाही ते येत होतं. साक्षी मॅडम दुपारी येणार. त्या मिठाचा निकाल बघतील. ही दुसरी, थेंबांची तपासणी त्या इथंच करून बघतील असं काही नाही. आपण मूग गिळून बसलो तर नवी टाकी आज पास होते, पिवळी आज बंद होते. तात्या आजच्या आज तिथून हलतात. तिला दुसरं काय हवं होतं? खरं सांगायचं तर श्रेयाला गप्पच बसायचं होतं. लाज वाटत होती, तरी बसायचं होतं.

तात्या आल्या आल्या तिनं त्यांना लॅबमध्ये ओढून आणलं.

"तात्या, मी केबिनमध्ये गेले तवा टाकीत काय घातलंत तुमी?"

तात्यांना चोरी पकडली गेल्यासारखं वाटायला हवं होतं. ते उलट खूश झाले. "कळलं व्हय तुला? मला वाटलंच, शिकल्याली हाय, वळखंल. एक मग वतला पिवळ्यातला. इरजान म्हनून."

"विरजण?"

"मग! कोऱ्या दुधाला इरजान लावल्याबिगर त्येचं दही हुतंय व्हय? जुन्यातलं जरासं घालावं लागतं, मग नवं धरतं. तुझी टाकी कोरी. कशी धरनार? तू तर कायबी घालंना. म्हनलं आपनच लावावं, पोरीला अपेश नको. बघ, आला का न्हाय जरासा रंग? झाल्या का न्हाय पास?"

श्रेयाला रडू आलं आणि हसूही, आणि दोन्हींपेक्षा जास्त राग. "आवो तात्या, तेच तर इख हाय! तेच तर काढायचं हुतं! एक थेंब नको हुता, तुमी मग वतला. मिठात पास झाल्या, पन ह्यात..." तिनं नळी त्यांच्यापुढं धरली. "हे बघा. पानी पांढरं राहाय पायजे हुतं."

तात्यांनी नळी घेतली. दारात नेली, उन्हात धरली. बराच वेळ ते त्या गुलाबी पाण्याकडं बघत राहिले.

"ह्यो रंग इखाचा?"

"व्हय."

"एका मगात एवढं?"

तेवढ्यात बाहेर गाडी वाजली. दुपारी येणाऱ्या साक्षी मॅडम सकाळीच आल्या होत्या.

साक्षी मॅडम श्रेयापेक्षा फार मोठ्या नसतील. इंदापूरच्याच. बोलणं कमी, नजर पक्की. युवराजदादा त्यांच्या पुढंमागं करत होते, चहा सांगत होते, तात्यांच्या हाताची तारीफ करत होते. मॅडमनी भिंगातून पट्ट्या पाहिल्या. "मिठाचं काम उत्तम झालंय," त्या म्हणाल्या. मग एक पट्टी तिरकी धरली. "ही जराशी पिवळट का दिसतेय?"

"पत्र्याचा उजेड हाय मॅडम," युवराजदादा म्हणाले. "हितं सगळंच पिवळं दिसतं."

मॅडमनी श्रेयाकडं पाहिलं. श्रेयानं तोंड उघडलं, तोवर तिच्या मागून तात्या पुढं आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मॅडम, पोरीची टाकी चोख हाय. म्या नासवली. म्या त्यात पिवळं वतलं, तिच्या माघारी. तिला ठावं नव्हतं."

युवराजदादांच्या हातातला चहा हातातच राहिला. श्रेया पळतच लॅबमध्ये गेली, नळी घेऊन आली आणि मॅडमच्या पुढ्यात टेबलावर ठेवली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे सकाळपासून पहिल्यांदाच तिला नीट श्वास घेता आला.

साक्षी मॅडमनी नळीकडं पाहिलं, तात्यांकडं पाहिलं. "ह्या पट्ट्या मला घेता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "टाकी रिकामी करून नव्यानं भरलीत, तर पुन्हा पट्ट्या बघायला मी येईन. पण पिवळ्याचा स्पर्श झालेलं एक भांडंसुद्धा तिच्याजवळ नको." रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. गाडीत बसताना तेवढं त्यांनी तात्यांना विचारलं, "नाकाला काय झालंय तुमच्या?" तात्या म्हणाले, "काय न्हाय, सर्दी."

गाडी गेली आणि युवराजदादांचा इतका वेळ दाबलेला राग बाहेर पडला. ते तात्यांना काही बोलू शकत नव्हते, वयाचा मान होता, म्हणून सगळं श्रेयावर निघालं. "बोलनं एकदाचंच झालं हुतं आपलं. पुन्हा टाकी भरा, पुन्हा आठवडा, पुन्हा तुझ्या घिरट्या! हितं बाकीच्या गिऱ्हाईकांचा माल खोळंबलाय. नवी टाकी उद्या उचला. तात्या, चला, पिवळ्यावर लागा."

श्रेयानं हात जोडले. आयुष्यात कुणापुढं जोडले नव्हते. "दादा, एकदाच. फक्त एकदा अजून."

"न्हाय म्हनलं ना!"

तात्या पिवळ्या टाकीकडं चालायला लागले होते. श्रेयाला वाटलं, संपलं सगळं. ते टाकीपाशी गेले, कठड्याला धरून उभे राहिले आणि आत बघत राहिले. पाणी तसंच झळकत होतं. मग त्यांनी तिथं लटकवलेले आपले लांब रबरी हातमोजे उचलले, नळाखाली आतून बाहेरून स्वच्छ धुतले, आणले आणि युवराजदादांच्या टेबलावर ठेवले.

"हे काय?" युवराजदादा म्हणाले.

"हिच्यावर मी न्हाय आता."

"तात्या, रुसायची येळ हाय का ही?"

"रुसलो न्हाय, दादा. इतकं दिस डाक्टर सांगतोय, पोरगी सांगतीय, मला इख म्हंजे काय कळत नव्हतं. मला निस्ता रंग दिसायचा. सोन्यावानी." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "आज म्या डोळ्यानं बघितलं. एका मगानं अख्खी टाकी नासली. आन् मी तर रोज त्या अख्ख्या टाकीवर वाकतोय. माझ्या आत किती मग गेलं असतील?"

युवराजदादांनी ओळीनं सगळ्यांकडं बघितलं. पिवळ्यावर उभं राहायला ज्यांना येत नव्हतं ते खाली बघत होते, आणि ज्यांनी शिकून घेतलं असतं तेही आता खाली बघत होते.

"मग माल कोण काढनार?" युवराजदादांचा आवाज निम्म्यावर आला होता.

"पोरीची टाकी भरा. मी काढतो."

आता दुसरा इलाजच नव्हता, आणि मालकाला एवढं कळत होतं. बाकीच्या गिऱ्हाईकांना फोन करून त्यांनी थांबायला सांगितलं. नासलेलं पाणी सांडपाण्याच्या टाकीत जाऊन शुद्ध झालं. श्रेयानं नवी टाकी घासली, पुन्हा घासली, तात्यांनी तिसऱ्यांदा घासली. नवे हातमोजे आले, नवे मग, नवे हूक. पिवळ्या टाकीवर पत्र्याचं झाकण पडलं आणि त्याच्यावर कुणीतरी रिकामी पोती टाकली.

नवी टाकी भरल्यावर तात्यांनी पहिली पट्टी आत सोडली. ह्या वेळी मास्क तोंडावर होता, त्यामुळे त्यांचे फक्त डोळे दिसत होते. बारीक बुडबुडे उठले आणि विरले. मग काहीच नाही. पट्टी जशी गेली तशीच पाण्यात लटकत होती, पांढरी, कोरी. तात्या वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. हुकावरचा हात शिवशिवत होता. उभ्या जन्मात त्यांनी टाकीला विचारलं होतं आणि टाकीनं सांगितलं होतं. ही टाकी काहीच सांगत नव्हती. इकडं घड्याळ बघत उभ्या असलेल्या श्रेयाचाही जीव टांगणीला होता, पण पाय मात्र तिनं जागचे हलू दिले नाहीत.

शेवटी तात्यांनी पाण्यावरची नजर काढली आणि लेकीच्या तोंडाकडं बघितलं. शेडमध्ये इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं.

"काढू?"

"न्हाय तात्या. थांबा."

तात्या थांबले.